वॉटर्लू तीनदा जिंकणाऱ्या वाचकास

नमस्कार,

वॉटर्लूच्या लढाईवरच्या कॉम्प्युटर गेमबद्दल मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की तुमचं एक म्हणणं बरोबर आहे आणि बहुधा म्हणूनच राग आला होता. त्याकडे शेवटी येतो.

तुमचा मुख्य आक्षेप असा: 'स्कर्ज ऑफ वॉर: वॉटर्लू' या गेममध्ये तुम्ही खऱ्या लढाईत हरलेला नेपोलियन होऊन सलग तीनदा जिंकलात, मग मी त्याला इतिहासाशी प्रामाणिक कसा म्हणतो? ही तर 'मोठ्यांची भातुकली'.

कसे जिंकलात ते तुम्हीच लिहिलंय. रणांगणावरच्या उगूमाँच्या वाड्याच्या नादी लागला नाहीत आणि सुरुवातीलाच सेनापती लोबोची कोअर (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) उजवीकडे प्लाँसन्वा गावाला नेऊन बसवलीत. झकास. पण शत्रूच्या, म्हणजे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या, मदतीला प्रशियन (जर्मन) फौज त्या बाजूने येणार हे तुम्हाला सांगितलं कुणी? दोनशे वर्षांच्या पुस्तकांनी. १८ जून १८१५ ला नेपोलियनला त्याची चाहूल लागली ती दुपारी एकच्या सुमारास, लांबच्या टेकाडावर हालचाल दिसली तेव्हा. प्रशियनांच्या मागावर त्याने आपल्या मार्शल ग्रूशीला सुमारे ३३ हजार माणसं देऊन आदल्याच दिवशी धाडलं होतं, ते सैन्य वाव्र गावापाशी अडकलं. 'इकडे या' म्हणणारं पत्र त्या दुपारी निघालं आणि ग्रूशीच्या हातात पडलं संध्याकाळी. म्हणजे सम्राटाला जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक असल्यामुळे तुम्ही जिंकलात. यात गेमचा काय दोष?

त्याच गेममध्ये हुकूम घोडेस्वारामार्फत पाठवण्याची सोय आहे, आणि कॅमेरा सेनापतीच्या खोगिरापाशी बांधून ठेवण्याचीही. दोन्ही चालू करा. मग घारीसारखं वरून रणांगण बघता येत नाही. समोर धूर, झाडं, टेकाडाची कड. मी एका ब्रिगेडला 'थांबा' सांगायला स्वार पाठवला. तो पोचेपर्यंत ब्रिगेड उतार उतरून तोफांच्या तोंडी गेली होती. त्या रात्री मला नेपोलियनचा सेनापती देर्लाँ कळला. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, १६ जूनला, त्याची सुमारे २० हजारांची कोअर उलटसुलट हुकमांपायी लिन्यी आणि कात्र ब्रा या दोन लढायांच्या मधे येरझाऱ्या घालत राहिली, एकाही ठिकाणी धड उपयोगी पडली नाही. तोवर मी हे सरळ त्याचा वरिष्ठ मार्शल ने याच्या मूर्खपणाच्या खात्यावर टाकत होतो.

भातुकलीबद्दल एवढंच: १८२४ मध्ये राइस्विट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटने नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच घेऊन हाच खेळ मांडला, तेव्हा तो उचलून धरणारा प्रशियन जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग हा वॉटर्लूला वेलिंग्टनच्या शेजारी उभा राहिलेला प्रशियन संपर्क अधिकारी होता. त्याला तरी पोरखेळ वाटला नाही.

'आपल्या लढाया सोडून परक्यांचं कौतुक' हा टोमणाही मिळाला. पण त्याच वेलिंग्टनला पुढे विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने आपल्या भोकरदन तालुक्यातल्या असईचं नाव घेतलं. २३ सप्टेंबर १८०३. वाटाडे सांगत होते, केळणा नदीला इथे उतार (पायी पार होण्याजोगी जागा) नाही. त्याने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं की गावं अशी असतील तर मधे उतार असणारच. आता ही लढाई गेममध्ये आणली तर काय होईल? तो उतार नकाशावर आधीच रंगवलेला असेल आणि सगळी लढाई जिच्यावर फिरली ती अटकळ बांधायची वेळच खेळणाऱ्यावर येणार नाही. इथे गेम लंगडा पडतो, मान्य.

आणि तुमचं ते बरोबर वाक्य: 'तुमच्या गेममधल्या सैनिकांना भूक लागत नाही.' खरंय. दमल्याची पट्टी असते, उपाशी असल्याची नसते. पानिपतचा गेम १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी सुरू होईल. पण डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, छावणीत बायकापोरं, यात्रेकरू, उपाशी घोडी. हे सगळं त्या सकाळच्या आधी घडून गेलेलं. भाऊंनी उपाशी मरण्यापेक्षा लढायचं ठरवलं, हा निर्णय माऊसच्या कुठल्याच बटणावर नाही. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

बाकी वॉटर्लू चौथ्यांदा खेळाच. घोडेस्वार चालू, कॅमेरा खोगिरावर, आणि प्रशियन डोळ्यांना दिसेपर्यंत लोबोला हलवायचं नाही. काय होतं ते इथेच लिहा.