मोठ्या कुत्र्यासह बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्यांस काही उपयुक्त सूचना

आपली बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला झाली असेल आणि घरात पस्तीस किलोचा कुत्रा असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. या देशात सोफा, कपाट, देवघर आणि मोटारसायकल एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोहोचवण्याची चोख व्यवस्था आहे. प्रस्तुत लेखकाने याच उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वाडा सोडून बंगळुरास बिऱ्हाड नेले, आणि बरोबर बंडू नावाचा लॅब्राडोर नेला. या उद्योगातून जे ज्ञान पदरी पडले, ते आपल्यासारख्या होतकरूंना विनामूल्य देत आहे.

पहिली सूचना अशी की, कुत्रा लहान असावा. ज्या मोजक्या विमान कंपन्या प्राण्याला प्रवाशांबरोबर बसू देतात, त्यांची वजनाची मर्यादा पिशवीसकट काही किलोंची असते. त्यापुढचा कुत्रा मालाच्या कप्प्यात जातो, आणि तोसुद्धा ज्यात त्याला ताठ उभे राहता येईल, वळता येईल व नीट आडवे होता येईल अशाच पिंजऱ्यातून. अट अगदी योग्य आहे. तेवढा पिंजरा गावात कुठे मिळत नाही आणि मागवलाच तर आपल्या गावाहून उडणाऱ्या विमानाच्या कप्प्याच्या दारातून तो आत जाईल की नाही हे विचारायला लावलेला फोन कुणी उचलत नाही, या किरकोळ बाबी आहेत. आपला कुत्रा आधीच मोठा झालेला असल्यास त्याला समजावून पाहावे.

दुसरी सूचना नातेवाइकांविषयी. बदलीची बातमी फुटली की जनकगंजपासून दौलतगंजपर्यंतचे सर्व मामा, काका आणि माहेरची मंडळी एकच उपाय सांगतील. "अरे, मुरैन्याकडे अमक्याचं शेत आहे, तिथं सोड, मोकळा हिंडेल, मजेत राहील." हे शेत प्रत्येकाच्या ओळखीत असते, तिथे सोडलेला कुत्रा वर्षभराने पुन्हा पाहिलेला माणूस मात्र मला अद्याप भेटलेला नाही. आपण मान डोलवावी आणि चहा घ्यावा.

प्राण्यांच्या वाहतुकीविषयीच्या १९७८ च्या नियमांनुसार कुत्रा प्रवासास योग्य असून त्याला रेबीजसारखा संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला लागतो. तो अगदी ताजा असावा लागतो, म्हणून गाडी सोमवारी सकाळची असेल तर रविवारी उघडा असणारा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना शोधून ठेवावा. सापडल्यास आम्हांसही कळवावे.

पाळीव प्राणी पोहोचवून देणाऱ्या खाजगी मंडळींना दर विचारताना खुर्चीत बसून विचारावा.

आता रेल्वे. सुरुवातीलाच सांगितले पाहिजे की, रेल्वेचा नियम अतिशय उदार आहे. वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन आपण संपूर्ण घेतली, तर कुत्रा आपल्याबरोबर सन्मानाने प्रवास करू शकतो. बाकीच्या वर्गांत, मग ते वातानुकूलित असोत वा साधे शयनयान, त्याला मज्जाव आहे, आणि नोंदणी न करता नेलेला कुत्रा सापडल्यास सामानाच्या दराच्या सहापट वसुली होते. प्रथम वर्ग जमत नसेल, तर गार्डच्या डब्यात कुत्र्यांसाठी पेटी असते. नियम वाचून माणसाचा ऊर भरून येतो. अशा भरल्या उराने आपण साठ दिवस आधी, आरक्षण उघडताक्षणी, प्रथम वर्गाची दोन तिकिटे काढावीत. एकटे असलात तरी दोन काढावी लागतात. कुत्र्याच्या नावे शायिका मिळत नसल्यामुळे बरोबर येणारा एक रिकामा माणूसही शोधावा लागतो. तिकीट पक्के होते, पैसे जातात, आणि त्या तिकिटावर कूपे मिळाला की नाही हे लिहिलेले नसते, कारण प्रथम वर्गातील जागा आरक्षणाचा तक्ता तयार होताना वाटल्या जातात. म्हणजे ज्या एका गोष्टीवर संपूर्ण प्रवास अवलंबून आहे, ती आपल्याला घर रिकामे झाल्यावर, गॅस परत केल्यावर, सामानाचा ट्रक झाशीच्या पुढे गेल्यावर कळते. मधल्या काळात कूपे मिळावा म्हणून वाणिज्य अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करता येतो. तो मी केला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला गेला, आणि या शिक्क्याचा अर्थ काय असे विचारले असता, अर्ज मिळाला एवढाच अर्थ आहे, असे उत्तर मिळाले. अर्जावर निर्णय कोण घेतो, या प्रश्नाला पार्सलवाल्यांनी आरक्षणवाल्यांचे, आरक्षणवाल्यांनी मंडळ कार्यालयाचे, आणि मंडळ कार्यालयातील दूरध्वनीवरच्या आवाजाने गाडी जिथून सुटते तिथल्या लोकांचे नाव सांगितले. खिडकीमागचे गृहस्थ तर मनमोकळे हसले. "भाईसाहब, यहाँ आदमी का कन्फर्म नहीं होता, आप कुत्ते का पूछ रहे हो?" रांगेतले लोकही हसले. विनोद खरोखरच चांगला होता.

ग्वाल्हेरपासून तीसएक किलोमीटरवर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे आणि ठिकठिकाणच्या पोलिसांचे कुत्रे तिथे शिकून जातात; त्यामुळे कुत्रा कामानिमित्त परगावी जातो ही गोष्ट आमच्या भागात तरी कुणाला नवी नसावी, असे वाटत होते. पार्सल कार्यालयात बंडूला पाहून मात्र एक हमाल स्टुलावर चढला. पशुवैद्याच्या दाखल्यावर वजन लिहिलेले होते, ते चालले नाही. बंडूला तोलकाट्यावर चढवावे लागले. लोखंडी पत्र्यावर त्याची नखे घसरत होती, म्हणून तो पोट टेकून बसला आणि दोन्ही बाजूंच्या गाठोड्यांमधून माझ्याकडे पाहत राहिला. शेजारी पोत्यात गुंडाळून सुतळीने आवळलेली एक मोटारसायकल उभी होती, तिची पावती केव्हाच फाडून झाली होती. मोटारसायकल पाठवताना पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते. बाबूंनी सवयीने मला विचारले, "इसका पेट खाली है ना?"

तक्ता लागला. आमच्या दोन जागा चार शायिकांच्या केबिनीत होत्या आणि उरलेल्या दोन जागांवर अनोळखी प्रवासी होते. कूपे दुसऱ्या कुणाला तरी मिळाला होता. कुणाला, हे विचारायचे नसते. अनोळखी प्रवाशांनी पस्तीस किलोच्या कुत्र्याला हरकत घेतली तर त्यांना दोष देता येत नाही, मीही घेतली असती. मग पर्याय उरला पेटीचा. मे महिना, ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशीच्या घरात, लोखंडी पेटी, तिच्यात बंडूला मान वाकवल्याशिवाय उभे राहता येणार नाही एवढीच उंची, आणि पुढे दीड दिवसाचा प्रवास. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि त्यासाठी भोवतालची हवा थोडी तरी गार असावी लागते. हे मी तिथल्या अधिकाऱ्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ऑप्शन तो दिया है आपको।" मी म्हटले, कूपे देता येत नाही एवढे लिहून द्या. "लिखकर तो हम कुछ नहीं देते।" तक्ता लागल्यानंतर सोडलेल्या पक्क्या तिकिटांच्या पैशांचे काय होते, हे वाचकांना ठाऊक आहे.

तेव्हा रस्त्याने जावे. राष्ट्रीय महामार्ग ४४ हा ग्वाल्हेरहून झाशी, सागर, सिवनी, नागपूर, हैदराबाद, कर्नूल करीत थेट बंगळुरास जातो, त्यामुळे रस्ता चुकण्याची भीती नाही. भाड्याच्या गाडीचा चालक आधी "डॉगी चलेगा" म्हणतो आणि डॉगी प्रत्यक्ष पाहिल्यावर आसन धुण्याचे वेगळे पैसे सांगतो, ते द्यावेत. रात्री चालावे आणि दुपारी थांबावे. कुत्र्याला खाली उतरवण्यापूर्वी डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. आपल्याला काही सेकंद सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही सोडू नये, म्हणजे चहा आळीपाळीने प्यावा. दुपारी थांबावे कुठे, हे मात्र विचारू नये. ज्या हॉटेलांच्या जाहिरातीत पाळीव प्राण्यांचे स्वागत असते, त्यांच्या डोळ्यांसमोर मांडीवर मावणारा, केसांना फीत बांधलेला प्राणी असतो. बंडू दारात उभा राहिला की व्यवस्थापकांना आठवते की, खोल्या भरलेल्या आहेत. सिवनी आणि नागपूर यांच्यामध्ये पेंचच्या जंगलातून जाताना याच महामार्गाखाली वन्यप्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून एकट्या महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी वाटा सोडल्या आहेत आणि वाघ त्या वापरतात. वाघाची सोय झाली याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याला सोय हवी असल्यास कुत्र्याला पट्टे रंगवून पाहावेत.

बंगळुरास पोहोचल्यावर घर. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत की, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही व लिफ्ट नाकारता येत नाही. त्यांची छापील प्रत जवळ ठेवावी, कारण सचिवांना ती वाचायची नसली तरी पंखा म्हणून उपयोगी पडते. आमच्या सचिवांनी उलट आम्हालाच एक यादी दाखवली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींच्या तथाकथित हिंस्र कुत्र्यांवर बंदी सुचवणारे परिपत्रक काढले होते, त्यातली ही यादी. लॅब्राडोर तिच्यात नाही. शिवाय ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने, म्हणजे त्या सचिवांच्याच गावातल्या न्यायालयाने, रद्द केले. "तरीपण आकाराने मोठा आहे," असे ते म्हणाले. याला उत्तर नाही.

आता खर्चाचा हिशेब मांडू. कुत्रा बरोबर न्यायचा तर वाया गेलेली प्रथम वर्गाची तिकिटे, सतरा-अठराशे किलोमीटरची भाड्याची गाडी, चालकाची मनधरणी, घराची जादा अनामत. आणि कुत्रा मागे सोडून द्यायचा तर? प्राण्याचे भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान १० आणि कमाल ५० रुपये. पन्नास रुपयांत आमच्या सराफ्यात धड नाश्ता होत नाही. काटकसरी गृहस्थाने काय करावे, हे सांगायला माझी गरज नाही, आणि लोक तेच करतात.

हो, करतात. बदल्यांच्या मोसमात सरकारी क्वार्टरांच्या मागे जाऊन पाहा. गळ्यात पट्टा असलेले, किंवा पट्टा काढून घेतल्यावर मानेभोवती दबलेल्या केसांचे वर्तुळ राहिलेले कुत्रे कुलूप लावलेल्या फाटकांपुढे बसलेले असतात. पट्टा काढून नेतात, कारण तो चामड्याचा असतो आणि महाग असतो. ही माणसे अडाणी नाहीत, गरीबही नाहीत. पिल्लू आणले तेव्हा यांनीच गल्लीत पेढे वाटले होते, मुलांबरोबर फोटो काढले होते. शेताच्या गोष्टी सांगू नका मला. ज्या कुत्र्याने आयुष्यभर फरशीवर झोपून पोळी खाल्ली, तो मुरैन्याच्या उन्हात गावठी कुत्र्यांच्या टोळीत चार दिवस टिकत नाही, हे तुम्हाला कळते, आणि कळूनच तुम्ही त्याला तिथे सोडता.

आणि खिडकीमागे बसणाऱ्यांनो, तुम्ही या लोकांना पळवाट करून देता. कूपे द्यायचा नसेल तर देऊ नका, पण ते तिकीट काढतानाच सांगा. दोन महिने पैसे अडकवून, घर रिकामे करायला लावून, गाडी सुटायच्या दिवशी सांगू नका. तक्त्यात एका कूपेची सोय आधीच ठरवून ठेवायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही. जी पेटी तुम्ही पर्याय म्हणून पुढे करता, तिच्यात मे महिन्याच्या दुपारी हात घालून बघा एकदा. आणि नाहीच म्हणायचे असेल, तर कागदावर म्हणा, खाली सही करा, हुद्दा लिहा. शिक्के मारून माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हाकलायचा पगार तुम्हाला मिळत नाही.