"मशीनची गोटी म्हणजे कचरा" हा मेसेज पुढे पाठवू नका, त्यात जवळजवळ सगळंच चुकीचं आहे

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय आणि मी गोट्या जमवतो हे सगळ्या नातेवाईकांना माहीत असल्यामुळे तो मला कोल्हापूरच्या मावशीपासून सिॲटलच्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी पाठवलाय. थोडक्यात तो असा: जुन्या डब्यातल्या काचेच्या गोट्या टाकू नका, अमेरिकेत लाखोंना जातात. अस्सल जुनी गोटी हाताने बनवलेली असते, मशीनची म्हणजे कचरा. यूव्ही टॉर्चखाली हिरवी चमकली तर शंभर वर्षं जुनी. आत बुडबुडे दिसले तर अँटिक. कॅट्स आय म्हणजे १९२० चा माल. सोड्याच्या बाटलीतली गोटी सगळ्यात महाग. "क्रिस्टेन्सन" नाव असेल तर डोळे झाकून घ्या. आणि विकायच्या आधी उकळून पॉलिश करून घ्या.

मी चौदा वर्षं ओहायोत राहतोय, ज्या दोन कारखान्यांच्या गोट्यांमागे मी वेडा आहे ते दोन्ही याच राज्यातले, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, मशीनची गोटी म्हणजे कचरा. हा सगळ्यात घातक आहे, कारण दुर्मिळ म्हणून लोक ज्या गोट्या वर्षानुवर्षं शोधतात त्यातल्या कितीतरी मशीनच्याच आहेत, फक्त त्या बनवणारे कारखाने फार कमी वर्षं टिकले. ॲक्रनमध्ये मार्टिन क्रिस्टेन्सन नावाचा माणूस होता, तो आधी बेअरिंगसाठी पोलादी गोळे करायचं यंत्र बनवणारा, तीच कल्पना त्याने काचेला लावली आणि १९०५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आता गंमत बघा, हे "मशीन" म्हणजे अर्धंच मशीन होतं. कारागीर भट्टीतल्या भांड्यातून लोखंडी सळईवर वितळलेली काच गुंडाळून उचलायचा, मशीनवर धरायचा, हवा तेवढा थेंब कात्रीने तोडला जायचा आणि तो खोबणीच्या चाकांमध्ये फिरून गोल व्हायचा. म्हणजे काच उचलली हाताने, तोडली हाताने, फक्त गोल केली यंत्राने. त्यामुळे त्या गोट्यांवर एका टोकाला सळईच्या पिळाने उमटलेली इंग्रजी नऊसारखी गिरकी दिसते आणि दुसऱ्या टोकाला कात्रीच्या जागी एक शेपटी किंवा रेघ. स्लॅग गोट्या (पारदर्शक रंगात पांढऱ्याचे लोट) आणि विटेसारख्या गडद लाल म्हणून ज्यांना ब्रिक म्हणतात त्या, दोन्हीवर हे बघायचं. पहिल्या महायुद्धात नैसर्गिक गॅस युद्धाच्या कारखान्यांकडे वळवला गेला, भट्ट्या बंद पडल्या आणि १९१७ मध्ये कंपनी संपली.

दुसरा कारखाना म्हणजे क्रिस्टेन्सन ॲगेट. १९२५ मध्ये ओहायोतल्याच पेन गावात सुरू, १९२७ मध्ये केंब्रिजला हलला, १९३३ मध्ये मंदीने बंद. आठ वर्षं फक्त! इंग्लंडचं केंब्रिज नाही हां, हे आमच्या कोलंबसहून गाडीने सव्वा-दीड तासावरचं छोटं गाव, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसता रस्त्यावर उभा राहून आलो. त्या आठ वर्षांत जे रंग निघाले तसे नंतर कुणाला सहज जमले नाहीत. आर्नोल्ड फीडलर नावाचा काच-रसायनाचा जाणकार त्यांच्याकडे होता, त्याच्या मिश्रणांमुळे केशरी पिवळे असे झगझगीत रंग आले की जमवणारे त्यांना सरळ इलेक्ट्रिकच म्हणतात. ओळखायचं कसं तर एक रंग दुसऱ्यात भिजत नाही, दोन रंगांच्या मधली कड सुरीने कापल्यासारखी. काही गोट्यांवर रंगाच्या जिभा वर चढलेल्या दिसतात, त्या फ्लेम. पारदर्शक किंवा निळ्या काचेवर रंगीत ठिपके शिंपडलेले असतील तर ती गिनी, कारखान्याच्या आवारात फिरणाऱ्या ठिपक्यांच्या गिनी कोंबड्यांवरून कामगारांनी हे नाव ठेवलं असं सांगतात. चांगल्या अवस्थेतली गिनी आज शेकडो डॉलरला जाते. आणि ती मशीनची गोटी आहे.

या मेसेजमुळे काय होतं ते सांगतो. क्लीव्हलंडला माझ्या एका मित्राने जुनं घर घेतलं, तळघरात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गोट्या सापडल्या, त्याने मेसेज वाचून हातच्या-मशीनच्या वेगळ्या केल्या आणि मशीनच्या पोरांना खेळायला देऊन टाकल्या. पोरांनी ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर डाव मांडला. मी गेलो तेव्हा त्यात एक फ्लेम होती, एका बाजूने टवका उडालेली. ती गोटी जवळजवळ नव्वद वर्षं त्या डब्यात शाबूत होती.

हाताने बनवलेल्या गोट्यांना मी कमी लेखत नाही. जर्मनीत थुरिंगियाच्या लाउशा गावात १८४० च्या दशकात गोटी कापायची खास कात्री निघाली आणि तिथून पुढे आत रंगीत दोऱ्यांचे पीळ असलेल्या गोट्या जगभर गेल्या. काचेच्या कांडीतून कापल्यामुळे त्यांच्या दोन्ही टोकांना खडबडीत खूण राहते, तिला पॉन्टिल म्हणतात. पण पॉन्टिल म्हणजे वय नव्हे! आजचे काच-कलाकारही हातानेच करतात, त्यांच्या गोट्यांवरही पॉन्टिल असतो, आणि पॉन्टिल दाखवून नवा माल जुना म्हणून विकणारे कमी नाहीत.

आता यूव्ही टॉर्च. काचेत युरेनियम असेल तर ती हिरवी चमकते हे खरं, आणि जुन्या काळी युरेनियम काच खूप वापरली गेली हेही खरं. पण ती आजही बनते, नव्या युरेनियम गोट्या सर्रास विकायला असतात. शिवाय मँगनीज असलेली काचही फिकट हिरवी चमकते. टॉर्च तुम्हाला काचेत काय आहे याचा अंदाज देते, कधी बनली ते नाही. आणि उलट बाजूने बघा, वर सांगितलेल्या ब्रिकला टॉर्च लावून नाही चमकली म्हणून टाकणार का?

बुडबुडे तर कुठल्याही काचेत राहतात, जुन्या, नव्या, हातच्या, मशीनच्या. सोडून द्या.

कॅट्स आय, म्हणजे पारदर्शक गोटी आणि आत रंगीत पाती, आपण महाराष्ट्रात ज्यांनी गल आणि रिंगण खेळलो त्यातल्या बहुतेक याच. या १९५० च्या आसपास जपानमधून आल्या, स्वस्त होत्या, अमेरिकन बाजार त्यांनी भरून टाकला आणि वेस्ट व्हर्जिनियातली ॲक्रो ॲगेट नावाची एकेकाळची मोठी कंपनी १९५१ मध्ये बंद झाली. मग उरलेल्या अमेरिकन कंपन्यांनीही कॅट्स आय बनवायला घेतल्या. म्हणून १९२० च्या कॅट्स आय म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथून निघा. लहानपणची आठवण म्हणून ठेवा, मीही ठेवल्यात, त्यांची किंमत वेगळी आहे.

सोड्याच्या बाटलीच्या गोटीबद्दल आपल्याकडे फार जिव्हाळा आहे, मला कळतं, लेमन सोड्याची बाटली फोडून गोटी काढलेली पिढी आहे आपली. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात ही बाटली आणली, आतल्या वायूच्या दाबाने गोटी गळ्याजवळच्या रबरी रिंगवर दाबून बसते आणि तोंड बंद होतं. पण त्या कामाला गोटी साधी, एकरंगी, बहुतेक हिरवट काचेची लागते. तिच्यावर बनवणाऱ्याची अशी कुठलीच खूण नसते, आणि आपल्याकडे गोटी सोडा अजून मिळतो म्हणजे कालची गोटी आणि शंभर वर्षांपूर्वीची गोटी शेजारी ठेवली तर सांगणार कसं? जुनी कॉड बाटली अख्खी असेल तर तिला किंमत येते, सुट्या गोटीला नाही.

"क्रिस्टेन्सन नाव असेल तर डोळे झाकून घ्या" यात दोन चुका. एक म्हणजे गोटीवर नाव नसतंच, नाव असलंच तर मूळ खोक्यावर. दुसरं म्हणजे वर सांगितलेल्या दोन कंपन्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पहिली बंद झाल्यावर आठ वर्षांनी दुसरी निघाली. विकणारे मुद्दाम किंवा न कळता दोन्ही एकच करतात, आणि साधी स्लॅग गिनीच्या रुबाबात विकली जाते. नाव विचारण्यापेक्षा भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं पुरतं, आणि गिरकी कुठे, कात्रीची रेघ कुठे, रंगांची कड कशी ते बघा. रंग स्क्रूसारखा सलग पीळ घेत गेलाय आणि दोन रंग एकमेकांना कुठेच ओलांडत नाहीत, तर ती ॲक्रोची कॉर्कस्क्रू असायची शक्यता जास्त, क्रिस्टेन्सन नाही. कार्टूनचे चेहरे छापलेली असेल तर इलिनॉयच्या पेल्टिएर कंपनीची आठवण होते, पण त्या मालिकेत चेहरे बाराच होते, तेरावं भलतंच चित्र आलं तर सावध. आणि ज्या गोटीने खरंच डाव खेळलेत तिच्यावर नखाच्या आकाराच्या बारीक चंद्रकोरी दिसतात, ते मार एकसारखे नसतात, वेगवेगळ्या बाजूंना असतात.

शेवटचा मुद्दा, उकळा आणि पॉलिश करा. नका हो करू. काच एकदम तापली की आतल्या जुन्या चिरा उघडतात, कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, बस. पॉलिश तर त्याहून वाईट, कारण त्यात गोटीचा वरचा थर घासून जातो, माप कमी होतं, आणि ज्या खुणांवरून ती ओळखायची त्याच पुसल्या जातात. गेल्या महिन्यात पुण्याच्या एकाने मला फोटो पाठवले, आजोबा ॲक्रनला शिकायला होते तेव्हा तिथून आणलेली गोटी, गडद लाल त्यात काळ्या रेघा, हा मेसेज वाचून त्याने ती एका पॉलिशवाल्याकडून चकचकीत करून घेतली होती. ब्रिक आहे का असं विचारत होता. मी त्याच्याकडून सगळ्या बाजूंचे नऊ-दहा फोटो मागवले, मोठे करून करून बघितले. रंग तोच वाटतो. गिरकी जिथे असायला हवी तिथे आता नुसती आरशासारखी काच आहे.