मूळचे कुठले?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न आडनावाचा असतो, दुसरा गावाचा. पुणं म्हटलं की जिलबीचा तुकडा मोडत ते म्हणतात, "ते झालं हो, पण मूळचे?" या एका शब्दापायी भली भली माणसं रविवारी वंशावळ काढायला बसतात.

काम सोपं वाटतं. एक फुलस्केप कागद, एक पेन आणि एक आत्या. चूक इथंच होते. आत्या दोन लागतात, त्याही वेगवेगळ्या खोल्यांत. एकत्र बसवल्या की दहाव्या मिनिटाला खापरपणजोबा मागे पडतात आणि आजीच्या पाटल्या कुणी नेल्या यावर चौकशी आयोग बसतो. कागद आडवा धरावा. उभ्या कागदावर चौथ्या पिढीला जागा उरत नाही, धाकटी पाती समासात जाऊन पडते आणि त्याचा वचपा पुढच्या मुंजीत निघतो.

मग नावं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत ज्या कुणी काढली, त्याला वंशावळ काढावी लागली नसणार. बळवंत गोविंद, त्याच्याखाली गोविंद बळवंत, त्याच्याखाली पुन्हा बळवंत गोविंद. विहीर यातल्या कुठल्या गोविंदानं खणली आणि कुठल्यानं गहाण टाकली? यावर इलाज एकच, क्रमांक घालायचे. गोविंद पहिला, गोविंद दुसरा. दीड एकर कोरडवाहू जमिनीवर उगाच राजघराणं बसल्यासारखं दिसतं, पण निभावून न्यावं. बायकांचं त्याहून अवघड. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं आणि हाक तिसरीच. "माईचं खरं नाव काय?" विचारलं तर उत्तर येतं, "माईच की!" अशा वेळी तिच्या माहेरी फोन करावा. तिथं ती 'ताई' असते.

आत्यांना तारखा विचारू नयेत, प्रसंग विचारावेत. "पानशेत फुटलं तेव्हा मी पोटुशी होते" म्हणजे 12 जुलै 1961. "कोयनेच्या भूकंपात काका रांगत होता" म्हणजे 11 डिसेंबर 1967. हा पुरावा शाळेच्या दाखल्यापेक्षा भक्कम. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून दिसली की समजावं, पोराला शाळेत घालताना मास्तरांनी ती आपल्या मनानं टाकली. त्या हिशेबानं निम्मा गाव एकाच दिवशी जन्मलाय. गेलेल्यांची तिथी मात्र श्राद्धामुळे चोख असते. कोणत्या साली गेले, एवढंच कुणाला सांगता येत नाही.

यापुढे कागद. गावाला निघण्याआधी बुद्रुक की खुर्द ते पक्कं करावं, नाहीतर भलत्याच गावच्या पारावर चहा पिऊन परत यावं लागतं. तालुका-जिल्हाही तपासावा. सिंधुदुर्ग 1981 साली रत्नागिरीतून निघाला, लातूर 1982 साली उस्मानाबादेतून, त्यामुळे माणसं जागची हलली नाहीत तरी जुन्या कागदावर जिल्हा दुसराच. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मागावा. हेच कोतवाल बुक, यात जन्ममृत्यूच्या नोंदी. पानं उलटताना बोट ओलं करू नये, कडा हातात येतात.

जुन्या नोंदी मोडी लिपीत. आधी पानभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची, दोन शब्दांत फट सोडायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, असा तो कारभार. दोन शब्द तेवढे ओळखता यावेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवावेत, नोंद माघ-फाल्गुनातली असेल तर 79. मराठवाड्यात फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल भेटतं, त्यात 590. तिथं कागद उर्दूतही असतो. मोडी वाचणाऱ्याला गाठावं आणि मन घट्ट करावं. इतक्या खटपटीनंतर पूर्वज सापडतो तो बहुधा कुणाचे तरी रुपये देणं असलेला.

हे सगळं थकलं की नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की लांबट वही निघते, आणि आजोबांच्या वाकड्या सहीपाशी गुरुजींचं बोट थांबतं. तिथं आत्यांनी शपथेवर नाकारलेला एखादा चुलत आजोबाही मुलाबाळांसह हजर असतो. कागदावर त्याच्यासाठी कोपरा ठेवलेला बरा.

मग आपली नोंद. गुरुजी पेन उघडून विचारतात, "गाव?" आपण सोसायटी, बी विंग, फ्लॅट नंबर असं सांगायला लागतो. मान वर न करता ते म्हणतात, "ते राहू द्या. मूळचे?"