किरकोळ

जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची, रंग मारायचा आणि चढ्या भावाने विकून मोकळं व्हायचं. या धंद्यात हिशेब तो काय ठेवायचा, असं मला वाटायचं. घर घेतलं १०० ला, दुरुस्तीला २०, विकणार १५० ला. नफा ३०. (घराची किंमत १०० धरली आहे. खरे आकडे लिहिले तर घरात तो विषय पुन्हा निघेल.) हे गणित मी एका वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केलं होतं. तेव्हा ते बिल उलटून पुढची बाजू बघितली असती, तरी रिकाम्या घरालाही वीज लागते एवढं ध्यानात आलं असतं.

ताई हिशेबनीस आहे. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून वही घाल."

मी वही घातली. पानावर सुबक रकाने आखले: खरेदी, नळकाम, वायरिंग, फरशी, रंग, मजुरी. शेवटी थोडी जागा उरली, ती वाया जाऊ नये म्हणून तिथे लिहिलं, 'किरकोळ'.

पहिला आठवडा वही आदर्श होती. मग कामगारांनी न्हाणीघराची एक फुटकी फरशी काढली. मागे पाइप गंजून चाळणी झालेला. पाइपवाला म्हणाला, "आता उघडलंच आहे तर सगळीच लाइन बदलून घ्या." लाइन बदलायला भिंत फोडली. भिंतीत ओल निघाली. ओलवाला म्हणाला, "आता फोडलीच आहे तर..." घर दुरुस्तीच्या धंद्यात 'आता ...च आहे तर' याच्याइतकी महाग शब्दरचना नाही. ती ऐकली की मी आजही खिशावर हात ठेवतो.

फरशीचं तर वेगळंच महाभारत. फुटतूट होते म्हणून १० टक्के जास्त घ्यावी, असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. कारागिराने माप देतानाच मनाशी १० टक्के वाढवले होते. त्यावर दुकानदाराने १० टक्के धरले. शेवटी मी, जाणकार माणूस, माझे १० टक्के घातले. अशी चक्रवाढ झाली की हिशेबाला ३३ टक्के जास्त फरशी येऊन पडते. ती आता माझ्या पलंगाखाली आहे. दुकानदार परत घेत नाही, आणि नव्या मालकाला दिली तर तो म्हणेल, आता आणलीच आहे तर बसवूनही द्या.

पावत्या मी शर्टाच्या खिशात, गाडीच्या काचेपाशी, वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात, जिथे जागा मिळेल तिथे ठेवल्या. हल्लीच्या बऱ्याच पावत्यांना शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो आणि छापताना उष्णतेने तो काळा होतो. म्हणजे ऊन लागलं की अक्षरंच काय, अख्खा कागदच काळा! गाडीत तापलेल्या पावत्या अख्ख्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि प्लास्टिकच्या कव्हरातल्या अक्षरं उडून पांढऱ्याफटक. मी ताईपुढे दोन्ही ढीग मांडले. एक काळी पावती उजेडापुढे धरून ती म्हणाली, "हा खर्च आहे की एक्स-रे?"

"घेतल्या दिवशी फोटो का नाही काढलास?"

"किरकोळ होत्या गं."

मग तिने वही ओढून घेतली. माझ्या पानावर नळकाम, वायरिंग आणि रंगाच्या खाली चार-चार ओळी होत्या आणि 'किरकोळ' पान उलटून मागच्या पानावर गेलं होतं. खिळे, सॅंडपेपर, मलबा उचलणाऱ्याची गाडी, तीच गाडी दुसऱ्यांदा, हरवलेल्या किल्लीचं कुलूप. दुरुस्तीचा खर्च २० च्या जागी २७ झाला होता आणि त्यातले ५ एकट्या किरकोळचे होते.

"बरं, व्याज कुठे लिहिलंस?"

व्याज बँक परस्पर कापून घेत होती. हातातून पैसे गेले नाहीत की तो खर्च वाटत नाही, हा माझा जन्मजात दोष आहे. ८० चं कर्ज, वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला ०.६. चार महिन्यांचं काम नऊ महिने चाललं. व्याज झालं ५.४, वर विमा, कर आणि ते वीजबिल मिळून ०.९. रंगाची छटा 'मलई' घ्यावी की 'फिकट मलई' यावर मी नऊ दिवस विचार केला होता. त्या नऊ दिवसांचंही व्याज ताईने काढून दाखवलं. दोन्ही रंग सारखेच दिसतात, हे तिने फुकट सांगितलं.

या धंद्यातल्या लोकांचा एक ढोबळ आडाखा आहे, तोही तेव्हाच कळला: दुरुस्तीनंतर घर जितक्याला जाईल त्याचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि त्याहून जास्त देऊन घर घ्यायचं नाही. १५० चे ७० टक्के १०५, वजा २०, उरले ८५. मी १०० मोजले होते, आणि घासाघीस मस्त केली म्हणून पेढे वाटायच्या बेतात होतो.

दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्हीकडे लिहायची पद्धत लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये पुस्तक छापून समजावली, हे ताईने याच वेळी सांगितलं. "पाचशे वर्षं झाली," ती म्हणाली. "तुझ्यापर्यंत पोचायला अजून किती लागतील?"

घर गेलं १४६ ला. मग तिने एकाखाली एक मांडलं. खरेदी १००, खरेदीचे कागद, शुल्क आणि दलाली ५, दुरुस्ती २७, व्याज-विमा-कर-वीज ६.३, विकतानाची दलाली आणि वकील ६. एकूण १४४.३.

"आणि तुझी मजुरी?"

भिंती मीच रंगवल्या होत्या. अकरा रविवार. "घरचीच आहे," मी म्हणालो. तिने तिथे पेन्सिलीने शून्य लिहिलं. मजुरी धरली तर बेरीज लाल शाईत जाईल, हे दोघांनाही दिसत होतं. भावाबद्दल तेवढी माया तिला आहे.

१.७ उरले. आयकर अजून जायचाच होता.

"पण नफा तो नफाच ना?" मी वही पुढे सरकवली. "कुठल्या रकान्यात लिहू?"

ताईने पेनाला टोपण लावलं आणि पान उलटून मागच्या बाजूवर बोट ठेवलं.

"किरकोळ."