भाऊसाहेब वेद शिकले होते, शेती नाही

आमच्याकडं पंजाबराव देशमुखांना भाऊसाहेबच म्हणतात. २७ डिसेंबरला जयंती, फोटोला हार, भाषणं, सगळं होते. पण दरवर्षी भाषणात तेच, देशाचे कृषिमंत्री, शिवाजी शिक्षण संस्था, अकोल्याचं कृषी विद्यापीठ. त्याच्या आधीची सहा-सात वर्षं "विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले" एवढ्या एका वाक्यात उरकतात आणि मला ते फार खटकते.

आता जूनमधी हे काढाचं कारण म्हणजे माझी पुतणी. बारावी झाली, चांगले मार्क आहेत, तिला संस्कृत घेऊन बीए कराचं आहे. घरी चार दिवस हाच विषय. भाऊ म्हणते नर्सिंग कर नाहीतर डी.फार्म कर, हाताला काम तं लागन. आजी म्हणते, "कास्तकाराच्या पोरीले संस्कृत कायले पाह्यजे वं बाई?" भावाचंही चुकत नाही, पेरणी तोंडावर आहे, बियाणं-खताचे पैसेच जमले नाहीत अजून.

पण आजीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळ गावचं एक कास्तकाराचंच पोरगं, १८९८ चा जन्म, शाळेसाठी चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असं फिरत फिरत पुण्याच्या फर्ग्युसनला गेलं, तिथून १९२० मधी इंग्लंडला, आणि तिकडं जाऊन शिकलं काय तर संस्कृत! एडिनबरोला एम.ए., संस्कृतसाठी स्कॉलरशिप मिळवली, मग ऑक्सफर्डला डॉक्टरेट, विषय वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. सोबत बॅरिस्टरीही केली. तो प्रबंध १९३३ मधी ऑक्सफर्डच्याच प्रेसनं पुस्तक म्हणून छापला.

हे किती मोठं आहे ते समजाचं असन तर तो काळ पाहा. भाऊसाहेब तान्हे होते त्याच सुमारास कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटलं होतं, खुद्द शाहू महाराजांना, राजाला, वेदमंत्रांचा अधिकार नाही म्हणून सांगितलं होतं. आणि वीस-पंचवीस वर्षांत वऱ्हाडातला एक शेतकऱ्याचा मुलगा त्याच वेदांवर ऑक्सफर्डमधी डॉक्टर होते. माझ्या मते ही त्यांच्या मंत्रिपदापेक्षा काही कमी गोष्ट नाही.

आणि हे फुकट नाही झालं. वडील शामरावबापूंनी त्यासाठी जमीन गहाण टाकली. आपल्याकडं जमीन गहाण टाकणं काय असते हे ज्याच्या घरी झालं त्यालेच माहीत, सातबाऱ्यावर बोजा चढला की बाप रात्री झोपत नाही. त्या माणसानं पोराला "हे शिकून नोकरी लागन का" असं विचारलं असन की नाही कोणास ठाऊक, पण शिकू दिलं.

१९२६ मधी भाऊसाहेब परत आले, आणि पुढच्याच वर्षी अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून जी चळवळ झाली तिच्यात ते पुढं होते. धर्मात असंच लिहिलं आहे म्हणणाऱ्यांसमोर मूळ ग्रंथ स्वतः वाचलेला माणूस उभा होता, मला तरी ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. १९३२ ला शिक्षण संस्था काढली, कृषिमंत्री तर थेट १९५२ ला झाले. शेतीची एकही डिग्री नव्हती त्यांच्याजवळ, शेती घरची होती.

काल रात्री हे सगळं भावाला सांगितलं, बराच वेळ गप्प बसला, मग म्हणे, "होस्टेलचा खर्च किती येते थे पाय पयले." पुतणी दाराआडून ऐकत होती.

तर अमरावतीत मुलींसाठी कमी खर्चाचं, चांगलं वसतिगृह कोणाच्या माहितीत असन तर कमेंटमधी सांगा. सरकारी असो की संस्थेचं, चालन. फॉर्म याच आठवड्यात भराचा आहे.