साळगावकरांची रतन

बेळगावच्या शहापुरात नाथ पै सर्कलच्या अलीकडं एका बंद दुकानाची पायरी, तोच आमचा कट्टा. परवा रात्री बाळूनं मोबाईलवर ‘सांगत्ये ऐका’ हा जुना सिनेमा लावलेला. हंसा वाडकर दिसली आणि आप्पा म्हणाला, "काय बाई होती मर्दा! पण वाटोळं स्वतःच्या हातानं केलं. दारू, घर सोडून जाणं. आत्मचरित्रात तिनंच सांगितलंय की."

मला राहवलं नाही. "आप्पा, तू पुढची पानं तेवढी लक्षात ठेवलास. पहिली कोण वाचणार?"

ती मूळची रतन साळगावकर. १९२३ चा जन्म, मुंबईतला. घरात वडिलांचं पिणं, पैशाची ओढाताण. पहिला सिनेमा ‘विजयाची लग्ने’ १९३६ चा, म्हणजे पोरगी जेमतेम तेरा वर्षांची. खेळायच्या वयात कॅमेऱ्यापुढं उभी. आणि पडद्यावर नाव झळकलं ते हंसा वाडकर. साळगावकर हे नाव सिनेमात आलंच नाही. सिनेमात जाणाऱ्या बाईला नावं ठेवायचा तो काळ. पोरीच्या कमाईवर चूल पेटलेली चालते, आडनाव मात्र तिच्यापासून जपायचं! माझं सगळं भांडण ह्या एका गोष्टीशी आहे.

मास्तरांनी वेगळाच मुद्दा काढला. "पण हाल सोसले म्हणूनच ती एवढी मोठी नटी झाली. सुखात वाढली असती तर हे जमलं असतं काय?"

असं कोण म्हणालं की माझं डोकंच फिरतं. हाल काय थोड्या पोरींचे झाले? त्या सगळ्या नट्या झाल्या काय? हिच्या अंगात होतं ते हिचं होतं. १९४१ साली प्रभातची संत सखू हीच आणि १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’तली तमाशातली बया पण हीच. हात जोडलेली सखू बघा आणि मग बयाची ती मान वळवून बघायची नजर बघा. दोन्हीकडं तसूभर खोटं सापडत नाही. ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. ह्याचं श्रेय दारिद्र्याला द्यायचं?

"स्मिता पाटीलचा ‘भूमिका’ हिच्यावरच ना?" बाळूनं विचारलं.

होय. १९७७ चा. स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ते बघायला हंसाबाई नव्हत्या. बाईंनी आपली कहाणी अरुण साधूंना सांगितली, आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आली, मग पुस्तक झालं. स्वतःला कुठंही पाठीशी न घालता सांगितली. आणि आप्पा तोच खरेपणा पुरावा म्हणून तिच्याच विरोधात वापरालाय!

संतू इतका वेळ गप्प होता. वडगावात मागावर असतो. म्हणाला, "घरच्यांनी तरी काय करायचं होतं? मी अकरा वर्षांचा होतो, कांड्या भरायला जायचो. शनिवारी पगार आईच्या हातात. ती मोजायची आणि त्यातले दोन रुपये मला परत द्यायची."

"मग?" आप्पा म्हणाला.

"मग काय. गल्लीत सगळ्यांना सांगायची, माझा संतू कमावतोय म्हणून. नाव घेऊन सांगायची."

कोणच काही बोललं नाही. संतूनं तर्जनी अंगठ्यावर घासली. सुतानं कापून कापून तिथली कातडी टणक झालीय, रात्रीच्या उजेडात पण पांढरी रेघ दिसते.

"आणि शाळा?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"शाळा राहिलीच की."

आप्पाला अजून पूर्ण पटलेलं नाही. उठताना म्हणाला, "पुस्तक आण उद्या. पण दारूचं मी म्हणालो ते म्हणालोच."

"आणतो," म्हटलं. "आधी संतूला देणार, मग तुला."