अहवाल स्वच्छ हवा? मग नमुन्यापासून सुरुवात करा

खतात कॅडमियम हा विषारी धातू निघू नये अशी तुमची मनापासून इच्छा आहे ना? मग खत सुधारण्याच्या फंदात पडू नका. कॅडमियम खत ज्यापासून बनतं त्या फॉस्फेटच्या खडकातच मुरलेलं असतं, गाळाच्या खडकात तर जरा जास्तच. खडकाशी कोण भांडणार? नमुना सुधारणं कितीतरी सोपं.

बऱ्याच पोत्यांत खोलवर नळी खुपसायची, निघालेलं सगळं एकत्र कालवायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. तुम्ही भरवशाचं एक पोतं निवडा आणि वरची मूठभर उचला. ‘निष्कर्ष दिलेल्या नमुन्यापुरतेच’ ही ओळ अहवालात असतेच, तीही बारीक टायपात.

पुढे नमुना तीव्र आम्लात तापवून विरघळवायचा असतो म्हणे. नसता धूर! पाण्यात ढवळा, गाळा आणि वरचं निवळ यंत्राला पाजा. गाळणीत काय उरलं, हे विचारायची यंत्राला सवय नाही. तरी आकडा उमटलाच, तर द्रावण हजारपट पातळ करा आणि ‘आढळले नाही’ छापा. शोधमर्यादा, म्हणजे कमीत कमी किती असलं तर यंत्राला दिसतं, ती किती होती, ते मात्र आठवणीने गाळा.

मर्यादेशी तुलना करताना एककाचा बाऊ करू नका. युरोपीय संघाने २०२२पासून लागू केलेली मर्यादा आहे ६० मिलिग्रॅम कॅडमियम, पण दर किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (खतातलं फॉस्फरस ज्या रूपात मोजतात ते), खताच्या किलोमागे नव्हे. समजा, ४६ टक्के पेंटॉक्साइडच्या खतात किलोमागे ३० मिलिग्रॅम निघालं. हिशेब केला तर ६५ भरतात, म्हणजे नापास. हिशेब करताय कशाला? ३० शेजारी ६० लिहा. निम्म्यावर पास! (कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशकं मुक्काम ठोकतं, पण तो भाग डॉक्टरांचा.)

कुणी आगाऊ माणसाने दुसरीकडून तपासून आणलंच, तर ‘व्यत्यय’ म्हणा. आयसीपी-एमएस यंत्रात (तप्त प्लाझ्मात नमुना फोडून मूलद्रव्यं अणूंच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या) पोटॅशमधलं क्लोरीन आणि प्लाझ्मातलं अरगॉन एकत्र आले की वस्तुमान ७५वर खोटं आर्सेनिक दिसू शकतं, हे शंभर टक्के खरं आहे. यंत्रात हेलियम वायू सोडला की ते बरंचसं निपटता येतं, हेही खरं. तेवढं बोलू नका. हीच सबब कॅडमियमलाही चिकटवा. ते ७५वर नव्हे, १११वर मोजतात, हे सभेत कुणाला ठाऊक असतं?

आणि राखून ठेवलेला सीलबंद नमुना मागितला, तर शेतात टाकला म्हणून सांगा. त्याच खताची बाकीची पोती खरोखरच तिथे गेलेली असतात.